बसलेला आवाज आणि अडलेला शब्द

बंगळूर शहरातील एखाद्या शाळेत सकाळची हजेरी चालू आहे, असे समजा. वर्गावर असलेल्या बाई वीस वर्षे शिकवीत आहेत. दुपारपर्यंत त्यांचा आवाज घोगरा होतो आणि शनिवारी तो जवळजवळ उरतच नाही. तिसऱ्या बाकावरच्या मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते. पण स्वतःचे नाव सांगण्याची पाळी आली की त्याचे ओठ मिटतात, मान ताठ होते आणि पहिले अक्षर काही केल्या बाहेर पडत नाही. शाळेच्या फाटकाशी बसणाऱ्या वृद्ध पहारेकऱ्याच्या गळ्यावर पुढल्या बाजूस एक छिद्र आहे. कर्करोगामुळे त्याचे स्वरयंत्र काढून टाकावे लागले आणि तेव्हापासून तो खुणांनी बोलतो. या तिघांनाही शेजारीपाजारी एकच उपदेश करतात : घसा सांभाळा, गरम पाणी घ्या, ज्येष्ठमध चघळा.

वस्तुतः ही तीन दुखणी एकमेकांपासून पूर्णपणे भिन्न आहेत. पहिल्यात आवाजाचे साधन दुखावलेले आहे. दुसऱ्यात साधन निर्दोष असून ते वेळेवर चालू होत नाही. तिसऱ्यात साधनच उरलेले नाही. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू केल्यामुळे वाया गेलेल्या वर्षांची गणती कोणी केलेली नाही. तथापि वाचोपचाराच्या कोणत्याही केंद्रात उशिरा आलेल्या रुग्णांची कहाणी बहुधा याच चुकीपासून सुरू होते. म्हणून आधी आवाज निघतो कसा, हे पाहिले पाहिजे.

फुगा फुगवून त्याचे तोंड दोन्ही बाजूंनी ताणून धरले असता बाहेर पडणाऱ्या हवेने रबराच्या कडा थरथरतात आणि किंचाळल्यासारखा आवाज येतो. मनुष्याच्या गळ्यात याहून फार निराळे काही घडत नाही. श्वासनलिकेच्या वरच्या तोंडाशी कूर्चांची एक पेटी आहे. पुरुषांच्या गळ्यावर तिचा उंचवटा बाहेरूनही दिसतो. हेच स्वरयंत्र होय. त्याच्या आत समोरासमोर दोन मऊ पट्ट्या असतात. त्यांना स्वरतंतू म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु त्या वीणेच्या तारेसारख्या ताणलेल्या तारा नसून श्लेष्मल त्वचेने आच्छादलेल्या स्नायूच्या घड्या आहेत. श्वास घेताना त्या दूर होतात, बोलताना जवळ येतात. फुप्फुसातून वर येणारी हवा त्यांना ढकलून उघडते आणि लगेच त्या पुन्हा मिटतात. पुरुषाच्या नेहमीच्या बोलण्यात हे सेकंदाला सुमारे 100 ते 125 वेळा घडते, स्त्रीच्या बोलण्यात सुमारे 200 वेळा, आणि लहान मुलाच्या बोलण्यात त्याहूनही अधिक. येथे निर्माण होतो तो केवळ गुणगुणाट. घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळीत त्याला घुमारा मिळतो आणि जीभ, ओठ, टाळू व दात मिळून त्या घुमाऱ्याचे क, च, ट, त, प करतात.

कबड्डीच्या मैदानावर याची प्रचीती सहज येते. चढाईला गेलेला खेळाडू एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहतो, तेव्हा खर्च होत असते ती त्याची हवा. दम संपला की शब्दही संपतो. ही गोष्ट प्राचीनांच्याही ध्यानात आली होती. मनाच्या प्रेरणेने शरीरातील अग्नी वायूला चालना देतो आणि तो वायू छातीतून वर चढत मुखातील निरनिराळ्या स्थानांवर आदळून वर्ण उत्पन्न करतो, असे वर्णन ‘पाणिनीय शिक्षा’ या ग्रंथात आले आहे. अग्नीची कल्पना सोडली तर हा क्रम आजही बदलावा लागत नाही. मात्र जिवंत माणसाचे स्वरतंतू हलताना पाहण्याचा योग फार उशिरा आला. मान्वेल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने 1854 मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून व त्यावर सूर्यप्रकाश पाडून स्वतःचेच स्वरयंत्र पाहिले. वैद्यकाच्या एका शाखेचे दार एका गवयाने उघडावे, ही गोष्ट मोठी मौजेची आहे.

आता बाईंच्या आवाजाकडे वळू. सेकंदाला 200 या हिशेबाने अर्धा तास सलग उच्चार झाला, तर दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर 3,60,000 वेळा आपटतात. शांत खोलीत सहज बोलताना हा आघात सौम्य असतो. पण वर्गात पन्नास मुले, खिडकीबाहेर वाहनांचा गोंगाट आणि डोक्यावर पंख्याची घरघर असली की आवाज आपोआप चढतो. मग आघात वाढतो, पट्ट्यांच्या कडांना सूज येते आणि पुढे नेमक्या त्या जागी, म्हणजे पुढचा एक तृतीयांश भाग संपतो तेथे, दोन्ही बाजूंना लहान गाठी धरतात. कुदळ मारणाऱ्याच्या तळव्याला घट्टे पडतात, तसाच हा प्रकार. गाठींमुळे पट्ट्या पूर्ण मिटत नाहीत, हवा फटीतून निसटते, आवाज घोगरा होतो, आणि तो स्पष्ट व्हावा म्हणून बोलणारा आणखी जोर लावतो. शिक्षक, कीर्तनकार, गायक, भाजीविक्रेते, बसचे वाहक, सारे या चक्रात सापडतात.

अशा गाठींवर पहिला उपाय शस्त्रक्रिया नव्हे. सवय तीच राहिली तर काढलेली गाठ पुन्हा येते. पुरेसे पाणी पिणे, वारंवार खाकरणे सोडणे, जोर न लावता ओठ व नाकाच्या भागात घुमारा जाणवेल अशा रीतीने बोलण्याचा सराव करणे, फळ्याकडे तोंड करून न बोलणे, शक्य असेल तेथे ध्वनिवर्धक वापरणे, अशा साध्या दिसणाऱ्या गोष्टी वाचोपचारतज्ज्ञ काही आठवडे शिकवतो आणि पुष्कळदा गाठी आपोआप विरतात. आवाज बसला असता जोर लावून कुजबुजणे हा लोकप्रिय उपाय मात्र चुकीचा आहे. त्यात स्वरयंत्रावर ताण पडतच असतो. त्यापेक्षा थोडे मौन बरे.

प्रत्येक घोगरेपणा गाठींमुळेच येतो, असेही नाही. जठरातील आम्ल वर येऊन स्वरयंत्र होरपळते; अवटू ग्रंथीच्या विकारात आवाज जड होतो. डाव्या स्वरतंतूला हालचालीचा आदेश देणारी मज्जा छातीत उतरून महारोहिणीला वळसा घालते व मग गळ्याकडे परत येते, त्यामुळे छातीतील रोगाची पहिली खूण कधी कधी आवाजात उमटते. वयात येणाऱ्या एखाद्या मुलाचे स्वरयंत्र वाढते, पण तो जुन्याच बारीक पट्टीत बोलत राहतो. थट्टेने तो कोमेजतो, वास्तविक हा दोष योग्य व्यायामांनी बहुधा थोड्याच बैठकांत जातो. कंपवाताच्या रुग्णाचा आवाज इतका खालावतो की घरच्यांनाही ऐकू येत नाही. नियम एवढाच ध्यानात ठेवावा की आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र पाहून घेतलेच पाहिजे. तंबाखू ओढणाऱ्याने तर एवढीही वाट पाहू नये.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने ती वाट पाहिली होती, असे धरू. बंगळूरपासून दूर, कर्नाटकाच्या वायव्य टोकाशी असलेले निपाणी हे मराठी भाषकांचे गाव विडीच्या तंबाखूची मोठी पेठ म्हणून प्रसिद्ध आहे. त्या तंबाखूचा धूर ज्या वाटेने फुप्फुसात जातो, त्या वाटेवरचे नाके म्हणजे स्वरयंत्र. तेथील कर्करोग लवकर सापडला तर किरणोपचाराने आवाजासह बरा होऊ शकतो. उशीर झाल्यास संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागते. कर्करोगासाठी ही शस्त्रक्रिया थिओडोर बिलरॉट याने व्हिएन्ना येथे 1873 च्या अखेरीस प्रथम केली. तिच्यानंतर श्वासनलिकेचे तोंड गळ्यावरच उघडे ठेवतात. रुग्ण त्या छिद्रातून श्वास घेतो आणि तोंडातून अन्न खातो, पण या दोन वाटांचा संबंध तुटलेला असतो. जीभ व ओठ शाबूत असूनही त्यांना घडवायला ध्वनीच मिळत नाही.

या अडचणीतून वाट काढणारी एक युक्ती अमेरिकेत एरिक ब्लॉम व मार्क सिंगर यांनी 1980 च्या सुमारास काढली. श्वासनलिका व अन्ननलिका यांमधल्या पातळ भिंतीत छिद्र करून त्यात एकाच दिशेने उघडणारी छोटी झडप बसवायची. रुग्ण गळ्यावरचे छिद्र बोटाने दाबतो, फुप्फुसातील हवा झडपेतून अन्ननलिकेत शिरते, तेथील भिंती थरथरतात आणि जाडाभरडा का होईना, आवाज निघतो. अन्न मात्र उलट दिशेने श्वासनलिकेत जाऊ शकत नाही. आयात केलेल्या अशा झडपेची किंमत भारतात पंधरा ते तीस हजार रुपयांच्या घरात असे, आणि ती सहा महिन्यांनी वा वर्षाने बदलावी लागे. पहारेकऱ्याच्या पगारात हे बसणारे नव्हते. कर्करोगातून वाचलेले कित्येक गरीब लोक म्हणून मुकेच राहत.

बंगळूरचे कर्करोगतज्ज्ञ डॉ. विशाल राव यांच्यासमोर असे रुग्ण येत होते. उद्योजक असलेले त्यांचे मित्र शशांक महेश यांच्या साहाय्याने त्यांनी सिलिकोनची एक झडप तयार केली आणि तिला ‘ओम्’ हे नाव दिले. सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या या साधनाची किंमत त्यांनी अवघी 50 रुपये ठेवली. 2015 नंतर या झडपेची वार्ता देशभर पोहोचली. यात नवा सिद्धांत नाही. तत्त्व ब्लॉम व सिंगर यांचेच आहे. पण ज्या वस्तूवाचून मनुष्य बोलू शकत नाही, तिची किंमत हादेखील तिच्या रचनेचाच भाग होय, हे येथे प्रथमच कोणी इतक्या गांभीर्याने मानले. झडप बसवली म्हणजे काम संपले, असे मात्र होत नाही. श्वास, बोट आणि शब्द यांचा मेळ घालण्यासाठी रुग्णाला शिकवणी लागते आणि झडपेची स्वच्छताही राखावी लागते.

राहिला तिसऱ्या बाकावरचा मुलगा. त्याचे स्वरयंत्र डॉक्टरांनी पाहिले तर त्यात काहीही सापडणार नाही. एकटा असताना, गाताना, कुत्र्याशी बोलताना किंवा सर्वांबरोबर एका सुरात कविता म्हणताना तो बहुधा अडखळत नाही. मग घरचे म्हणतात, ‘मनावर घेतले तर नीट बोलतो की!’ या एका वाक्याने अशा मुलांचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे खुद्द तोतरेपणानेही केले नसेल.

तोतरेपणाला प्रत्येक भाषेने स्वतःच अडखळणारा शब्द दिला आहे. मराठीत तोतरा, कानडीत तोदलु, हिंदीत हकला. बोबडे बोलणे मात्र वेगळे. त्यात ‘र’ चा ‘ल’ होतो, पण प्रवाह थांबत नाही. तोतरेपणात अक्षर पुन्हा पुन्हा उच्चारले जाते, लांबते, किंवा तोंड उघडे असूनही ध्वनी मुळीच निघत नाही. हा शेवटचा प्रकार ऐकणाऱ्याला शांततेसारखा भासतो. बोलणाऱ्याला तो बंद दारावर खांदा देऊन उभे राहण्यासारखा वाटतो. त्याच्या जोडीला डोळे मिचकावणे, मान झटकणे, कठीण शब्द टाळून दुसरा शब्द घालणे या सवयी येतात. स्वतःच्या नावाला मात्र पर्याय देता येत नाही, म्हणून हजेरी आणि दूरध्वनी ही दोन भयस्थाने ठरतात.

बहुतेकांत याचा आरंभ दोन ते पाच या वयात होतो. शंभरांतील पाच किंवा त्याहून थोडी अधिक मुले कधी ना कधी अडखळतात आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश मोठी होता होता मोकळी होतात. प्रौढांत हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास राहते, आणि त्यांत एका स्त्रीमागे चार पुरुष असे आढळते. मुलींत हा दोष अधिक सहज का निवळतो, याचा उलगडा अद्याप झालेला नाही.

कारणांचा शोध घेताना मनुष्याने पुष्कळ वाटा चुकल्या आहेत. दोष जिभेचा आहे, या समजुतीने बर्लिनच्या डीफेनबाख या नामांकित शल्यविशारदाने 1841 मध्ये रुग्णांच्या जिभेचे तुकडे कापले. डिमॉस्थेनिसचे तोंडातले खडे आणि आपल्याकडे जिभेवर चोळले जाणारे वेखंड ही त्याच समजुतीची सौम्य रूपे. पुढे दोष मनाचा वा आईबापांचा ठरला. अमेरिकेतील आयोवा येथे 1939 मध्ये वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली 22 अनाथ मुलांवर एक प्रयोग करण्यात आला. त्यांतील काही नीट बोलणाऱ्या मुलांना ‘तुमचे बोलणे बिघडले आहे’ असे वारंवार सांगण्यात आले. ती मुले तोतरी झाली असे म्हणवत नाही. पण काहींनी बोलणेच टाळायला सुरुवात केली. ही हकीकत 2001 मध्ये सर्वत्र प्रसिद्ध झाली आणि विद्यापीठाला क्षमा मागावी लागली.

आजचे ज्ञान मेंदूकडे आणि आनुवंशाकडे बोट दाखवते. मेंदूच्या प्रतिमा घेतल्या असता, तोतऱ्या व्यक्तींच्या डाव्या गोलार्धात बोलण्याची आखणी करणारे भाग व हालचाल घडवणारे भाग यांना जोडणारे तंतू काहीसे दुबळे दिसतात, आणि बोलताना उजवा गोलार्ध अधिक राबतो. डेनिस ड्रेना व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील ज्या कुटुंबांत तोतरेपणा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, त्यांचा अभ्यास करून 2010 मध्ये काही जनुकांतील बदल प्रसिद्ध केले. पेशीतील टाकाऊ द्रव्ये मोडून काढणारी विकरे योग्य कप्प्यात पोहोचवण्याचे काम या जनुकांकडे असते. हा शोध थोड्याच रुग्णांना लागू पडतो. पण संस्काराचा किंवा भित्रेपणाचा तो दोष नव्हे, एवढे त्याने निश्चित केले. भीती असते, परंतु ती अडखळण्यामागून येते आणि नंतर त्याला पोसते.

आणखी एक प्रयोग या विकाराचे स्वरूप चांगले दाखवतो. बर्नार्ड ली या अभियंत्याने 1950 मध्ये असे दाखवले की बोलणाऱ्याच्या कानात त्याचाच आवाज सेकंदाच्या सुमारे एक पंचमांशाने उशिरा घातला, तर उत्तम वक्ताही अडखळू लागतो. याच्या उलट, तोच विलंबित आवाज ऐकताना पुष्कळ तोतऱ्या व्यक्ती मोकळेपणे बोलतात. समूहस्वरातही तसेच घडते. तेव्हा बोलणे हे तोंडाचे जितके, तितकेच कानाचे आणि वेळ साधण्याचे कर्म आहे. या तत्त्वावर कानात घालायची यंत्रे निघाली आहेत. त्यांचा गुण मात्र सर्वांना येत नाही आणि आला तरी टिकेलच असे नाही.

बंगळूरमध्ये या मुलाच्या आईबापांना हमखास दिला जाणारा एक सल्ला असा, की घरची भाषा बंद करा. शहाजी राजांच्या काळापासून या नगरात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. त्यांच्या मुलांना घरात मराठी, रस्त्यावर कानडी आणि शाळेत इंग्रजी असे तिहेरी व्यवहार करावे लागतात. शेजारी तमिळ, तेलुगू वा उर्दू असते ती निराळीच. अनेक भाषांमुळे तोतरेपणा येतो, याला आजवरच्या संशोधनात आधार सापडलेला नाही. उलट, दुसऱ्या भाषेत शब्द शोधताना होणारे स्वाभाविक थबकणे काही वेळा तोतरेपणा समजले जाते. म्हणून तपासणी मुलाच्या सर्व भाषांत व्हावी लागते. आजीशी बोलण्याची भाषा काढून घेतल्याने मुलाची जीभ मोकळी होत नाही, एक माणूस मात्र कमी होतो.

उपचाराच्या बाबतीत स्पष्ट बोलणे बरे. तोतरेपणा समूळ घालवणारे औषध आजमितीस नाही. तशी हमी देणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे. परंतु लहान वयात पुष्कळ काही साधते. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे विकसित झालेल्या लिडकंब पद्धतीत तज्ज्ञ आईबापांनाच शिकवतात : रोज थोडा वेळ मुलाशी निवांत बोलावे, मोकळ्या बोलण्याचे सहज कौतुक करावे, अडखळल्यास क्वचित आणि हळुवारपणे त्याकडे लक्ष वेधावे. शाळकरी मुलांना उच्चाराचा आरंभ हलका कसा करावा, वाक्यात कोठे थांबावे, हे शिकवतात. मोठ्यांसाठी अमेरिकेतील चार्ल्स व्हॅन रायपर यांचा मार्ग उपयोगी पडतो. ते स्वतः तोतरे होते. अडखळणे लपवू नका, त्याशी झगडू नका, सैल अंगाने अडखळायला शिका, असे ते सांगत. हे ऐकायला विचित्र वाटते. पण लपवण्याची धडपड थांबली की विकाराचा मोठा भाग गळून पडतो, असा अनेकांचा अनुभव आहे. 2008 च्या सुमारास स्थापन झालेल्या ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ या संघटनेचे स्वसाहाय्य गट याच विचाराने चालतात. त्यांच्या बैठकीत कोणी कोणाचे वाक्य पुरे करीत नाही.

वर्गातील शिक्षकाने करायचे तेही एवढेच आहे. शब्द अडला असता तो सुचवू नये, ‘सावकाश बोल’ असे म्हणू नये, नजर हटवू नये; मूल काय म्हणते ते ऐकावे, कसे म्हणते ते नव्हे. तोंडी परीक्षेत त्याला अधिक वेळ द्यावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाणी व भाषेचे अपंगत्व समाविष्ट आहे. पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढणे, मेंदूच्या विकाराने वाचा जाणे यांसारख्या शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेल्या कायम अपंगत्वापुरती आहे आणि तोतरेपणाचा त्यात नावाने उल्लेख नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याची कायद्याने दखल घेतली. तिसऱ्या बाकावरचा मुलगा बराचसा शिक्षकाच्या समजूतदारपणावर सोडलेला आहे.

तपासणीसाठी कोठे जावे, याची अडचण दक्षिणेत तरी फारशी नाही. बंगळूर येथे 1954 मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि 1974 मध्ये जुन्या मनोरुग्णालयाशी तिचे एकत्रीकरण होऊन आजची ‘निम्हान्स’ संस्था उभी राहिली. तेथे वाचा व श्रवणाचा स्वतंत्र विभाग आहे. सुमारे 145 किलोमीटरवर म्हैसूर येथे गेल्या शतकाच्या सातव्या दशकात स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. देशातील कित्येक वाचोपचारतज्ज्ञ तेथेच शिकून बाहेर पडले. मुंबईत नायर रुग्णालय आणि वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे काम करतात. यांतील दुसरी 1983 मध्ये सुरू झाली. लहान मुलाचे अडखळणे सहा महिन्यांहून अधिक टिकले, घराण्यात कोणी तोतरे असले, किंवा बोलताना त्याच्या चेहऱ्यावर ताण दिसू लागला, तर आपोआप जाईल म्हणून बसून राहू नये. जाताना हे केव्हा सुरू झाले, कोणत्या भाषेत अधिक होते, घरात आणखी कोणाला आहे, हे लिहून न्यावे. घरी जेवताना किंवा खेळताना चाललेले त्याचे बोलणे भ्रमणध्वनीवर मुद्रित करून तेही सोबत ठेवावे. कारण तज्ज्ञांच्या अनोळखी खोलीत ते मूल त्या दिवशी नेमके अस्खलित बोलण्याचा संभव असतो.